गोळी वेष्टनासकट गिळली गेली, आणि मी गप्प राहिले

अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. आईवडील तिच्याकडेच राहतात. वडिलांचे वय शहात्तर, तोंडात वरखाली कवळी, एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दिवसाला सात-आठ गोळ्या. सुट्या काढून ठेवलेल्या गोळ्या दमट हवेने खराब होतात आणि ओळखूही येत नाहीत, म्हणून ही भगिनी दर आठवड्याला सगळ्या पट्ट्या कात्रीने कापून एकेक गोळी वेष्टनासकट कप्प्यांच्या डबीत भरून ठेवत असे. अडीच महिन्यांपूर्वी वडिलांचे पोट दुखू लागले. नेहमीच्या डॉक्टरांनी आम्लपित्ताचे औषध दिले. चौथ्या दिवशी बारीक ताप आला, सहाव्या दिवशी रात्री पोट फुगून कडक झाले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. सीटी स्कॅननंतर तातडीने शस्त्रक्रिया झाली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात गोळीचे कापलेले वेष्टन रुतून आतड्याला छिद्र पडले होते. तेवढा भाग काढावा लागला आणि काही महिन्यांसाठी पोटावर स्टोमा, म्हणजे शौचाची तात्पुरती वाट, करावी लागली. हे पोटात कसे गेले, असे सर्जननी विचारले तेव्हा कोणालाच काही सांगता आले नाही. जिला सांगता आले असते, ती गप्प राहिली.

आता मोठा भाऊ नेहमीच्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायला निघाला आहे आणि घटनाक्रम लिहून देण्याचे काम त्याने बहिणीवरच सोपवले आहे. ‘यांना हल्ली आपण काय गिळतो तेच कळत नाही,’ असे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि वडिलांच्या प्रत्येक घासावर पहारा बसला आहे. वडिलांसाठी पट्ट्या कापणे भगिनीने थांबवले आहे, पण आईची नजर चांगली असल्याने तिची डबी अजून तशीच भरली जाते. भगिनी विचारते: ‘जे व्हायचे ते होऊन गेले. आता सांगून काय उपयोग? सांगितले तर दादा माझ्याशी जन्मभर बोलणार नाही. आणि खरेच, हे माझ्याच हातून झाले ना?’

प्रिय भगिनी,

‘जे व्हायचे ते होऊन गेले’ या वाक्यापासूनच मला सुरुवात करू द्या, कारण तुमचा सगळा पेच त्याच्यावर उभा आहे आणि माझ्या मते ते वाक्य खरे नाही. सांगण्या-न सांगण्याने फरक पडेल तो फक्त दोष कोणाच्या माथी बसतो एवढाच, असे तुम्ही गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तुम्ही जवळ ठेवलेली माहिती आजही बाबांच्या उपचाराचा भाग आहे, आणि ती ज्यांच्याकडे असायला हवी त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही.

सर्जनना एक तुकडा सापडला. चुकून एखाद्या वेळी असे घडले असावे, यापलीकडे त्यांना अंदाज बांधता येण्याचे कारण नाही. असे सात-आठ तुकडे रोज बाबांच्या हाताशी येत होते आणि ते कित्येक महिने चालले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकदा गिळला गेलेला तुकडा आधी किंवा नंतरही गिळला गेला असू शकतो. तसे असेल तर तो बहुधा केव्हाच शौचावाटे निघून गेला असेल, आणि दुसरा तुकडा आत असण्याची शक्यता मलाही कमीच वाटते. परंतु स्टोमा असताना त्याच्या पुढच्या आतड्यातून मळाचा प्रवाह जवळपास थांबलेला असतो, त्यामुळे आधीच पुढे सरकलेली एखादी वस्तू तिथे पडून राहू शकते. स्टोमा बंद करून आतडे पुन्हा जोडण्यापूर्वी सर्जन पुढचा मार्ग मोकळा आहे ना हे पाहतील, तेव्हा आपण काय शोधतो आहोत हे त्यांना माहीत असलेले बरे. पहिल्या वेळचा सीटी स्कॅनही या माहितीच्या उजेडात पुन्हा पाहता येतो. प्लास्टिकचे पातळ वेष्टन साध्या एक्स-रेवर सहसा दिसत नाही. सीटी स्कॅनमध्येही ते सहज नजरेतून सुटते, आणि काय शोधायचे हे ठाऊक असेल तर सापडण्याची शक्यता वाढते. म्हणून कुटुंबाला काय सांगायचे हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि सर्जनना मात्र याच आठवड्यात सांगा. तिथे तुम्हाला कोणी जाब विचारणार नाही. डॉक्टरांना अशी माहिती हवीच असते, आणि ती उशिरा मिळाली तरी न मिळण्यापेक्षा कितीतरी बरी.

आईची डबी आजच बदला. नजर चांगली असेल तर धोका नाही, हे तुमचे दुसरे गृहीत आहे आणि तेही तपासून पाहायला हवे. वेष्टनासकट गोळी गिळण्याचे अपघात केवळ कमी दिसणाऱ्या माणसांच्या बाबतीत घडत नाहीत. पहाटे अर्धवट झोपेत, अंधूक उजेडात, बोलताबोलता किंवा चार-पाच गोळ्या एकदम तळहातावर घेऊन तोंडात टाकताना ते कोणाकडूनही होऊ शकते. कवळी लावणाऱ्यांना टाळूचा स्पर्श नीट कळत नाही, कारण वरच्या कवळीने टाळू झाकलेली असते, आणि म्हणून तोंडात काही टोकदार आले आहे ही सूचना त्यांना वेळेवर मिळत नाही. माशाचा काटा, हाडाची कपची, दात कोरण्याची काडी या वस्तू कवळी वापरणाऱ्यांच्या पोटात अधिक जातात, त्याचेही हे एक कारण आहे.

नेमके काय घडले ते आता सविस्तर पाहू. तुमच्या अपराधीपणाचे योग्य माप काढायचे तर ते समजून घेणे आवश्यक आहे. गिळलेल्या वस्तूंपैकी बहुतेक कसलीही इजा न करता बाहेर पडतात. जठरापर्यंत पोहोचलेल्या दहा वस्तूंपैकी आठ-नऊ आपोआप निघून जातात, एखाद-दुसरी दुर्बिणीतून काढावी लागते आणि शस्त्रक्रियेची वेळ साधारण शंभरात एखाद्यावर येते. जी वस्तू अडते ती तिच्या आकारामुळे किंवा तिच्या टोकांमुळे. प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद वस्तू जठराच्या खालच्या तोंडातून उतरणे कठीण असते, आणि सहा सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू त्याच्या पुढच्या वळणावर अडकते. बाबांनी गिळलेला तुकडा या दोन्ही मापांपेक्षा लहान होता, म्हणूनच तो जठरातून आणि पुढे लहान आतड्याच्या कित्येक मीटर लांबीतून विनासायास उतरला असावा. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तिथे वाट अरुंद होते, झडपेसारखी रचना असते आणि वस्तू थबकते. टोकदार वस्तूंनी आतड्याला छिद्र पडण्याचे ते एक नेहमीचे ठिकाण आहे. मोठ्या आतड्याचे गुदाशयाआधीचे वळण हे दुसरे.

कचऱ्यात टाकायच्या एखाद्या रिकाम्या पट्टीचा चौकोन कापून चिमटीत धरा आणि त्याचा कोपरा तळहाताच्या मागच्या पातळ कातडीवरून हलकेच फिरवून पाहा. बोटांना जो कोपरा साधा वाटतो तो तिथे ओरखडतो. एका बाजूला ताठ प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियमचा कागद, आणि कात्रीने कापलेल्या कडेला हाताला जाणवेल न जाणवेल अशी धार असते. आतली गोळी त्या तुकड्याला दुमडू देत नाही. पाचक रसांचा या प्लास्टिकवर परिणाम होत नाही, त्यामुळे तो आतड्यात मऊ पडत नाही. ज्या भिंतीवर हा कोपरा टेकतो ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असते आणि अन्न पुढे ढकलण्यासाठी सतत आकुंचन पावत असते. शेव्हॅलियर जॅक्सन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अन्ननलिकेतून आणि श्वासमार्गातून अशा असंख्य वस्तू काढल्या. त्यांनी जमवलेल्या २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहेत. टाचण्या आणि पिनांविषयी त्यांचे निरीक्षण असे होते की टोक पुढे असेल तर भोसकते, मागे असेल तर वस्तू बिनधोक ओढली जाते. टाचणीला एकच टोक असल्याने तिला निदान ही संधी मिळते. वेष्टनाच्या चौकोनाला चार कोपरे असतात, आणि तो कसाही वळला तरी एखादा कोपरा पुढे राहतोच.

आता तुमच्या ‘माझ्याच हातून झाले ना?’ या प्रश्नाकडे येते. पट्टी कापणारे हात तुमचे होते, हे खरे आहे, आणि ते नाकारून तुम्हाला बरे वाटणार नाही. पण त्यामागचा विचार हेळसांडीचा नव्हता. काही गोळ्या खरोखरच दमटपणाने खराब होतात आणि त्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात अशी सूचना असते. रक्त पातळ करणारे डॅबिगॅट्रान हे त्याचे एक उदाहरण आहे. म्हणजे गोळी उघडी ठेवू नये हा तुमचा विचार बरोबर होता. कापलेला कोपराही धोक्याचा असतो, ही अर्धी गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली नव्हती. हा अपघात तुमच्या एकटीच्या घरातला नाही, तो जगभर इतक्या वेळा घडला आहे की जपानमध्ये १९९६ साली औषध उत्पादकांनी एकेक गोळी सुटी करता येईल अशा खाचा पट्टीवर ठेवायच्या नाहीत असे ठरवले. तरीही लोक कात्रीने पट्ट्या कापत राहिले, आणि तिथेही हे अपघात पुरते थांबले नाहीत. ज्या गोष्टीसाठी एका देशाला पट्टीची रचना बदलावी लागली, ती तुमच्या लक्षात आली नाही यात अपराध मानू नका. मला तुमच्या वागण्यात चुकीचे वाटते ते त्या दिवसानंतरचे मौन, आणि ते अजून दुरुस्त करता येते.

त्या मौनाची किंमत सध्या कोण मोजते आहे, याचा तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे. तुम्हाला भीती वाटते ती दादाच्या रागाची. मला मात्र बाबांची अधिक काळजी वाटली. ते शहात्तर वर्षांचे आहेत, त्यांच्या पोटावर पिशवी आली आहे, आणि घरातली माणसे त्यांच्यासमोरच त्यांची समज गेल्याचे बोलतात. काय गिळले ते त्यांना आठवत नाही, हे बुद्धी मंदावल्याचे लक्षण मुळीच नाही. आतड्याला छिद्र पाडणारी वस्तू गिळल्याचे बहुसंख्य रुग्णांना आठवत नाही, अगदी तरुणांनाही नाही, कारण तो तुकडा घशातून उतरला की आतड्याला रुतेपर्यंत काहीच जाणवत नाही आणि मध्ये कित्येक दिवस, कधी आठवडेही गेलेले असतात. कमी दिसणाऱ्या माणसाच्या हातात वेष्टनासकट गोळी ठेवली गेली आणि त्याने ती गोळी समजून गिळली, यात त्याच्या समजेचा दोष कुठे आहे? ही साधी गोष्ट घरात कळली असती तर त्यांच्या घासांवर पहारा बसला नसता. त्यांच्या स्मरणशक्तीविषयी तुम्हाला इतर कारणांनी शंका असेल, म्हणजे ओळखीची वाट चुकणे, तेच पुन्हा विचारणे, खाण्याच्या नसलेल्या वस्तू तोंडात घालणे असे काही दिसत असेल, तर जरूर तपासणी करून घ्या. पण या एका घटनेवरून त्यांच्यावर तो शिक्का मारू नका, आणि दुसऱ्याने मारलेला तुमच्या गप्प राहण्याने पक्का होऊ देऊ नका.

तक्रारीचा प्रश्न याहून अवघड आहे. तुमच्या भावाचा राग समजण्यासारखा आहे, कारण सहा दिवस पोट दुखत असताना निदान झाले नाही. तरी अशा छिद्राचे निदान वेळेत होणे का कठीण असते, हे त्यांनीही समजून घ्यावे. जठरातला व्रण फुटतो तेव्हा दुखणे एकदम उठते आणि पोटात सुटलेली हवा एक्स-रेवर बहुधा दिसते. काटा, काडी किंवा वेष्टनाचा कोपरा मात्र सावकाश रुततो. आतड्याची भिंत सुजते, पोटातला चरबीचा पदर त्या जागेला येऊन चिकटतो, छिद्र काही काळ झाकले जाते आणि हवा बाहेर सुटत नाही. त्यामुळे दुखणे मोघम राहते, आणि त्याला अपेंडिक्स, आतड्याची सूज किंवा आम्लपित्त अशी वेगवेगळी नावे मिळत राहतात. वयस्कर माणसात ताप आणि वेदना दोन्ही सौम्य असू शकतात, रक्ताच्या चाचणीतही सुरुवातीला विशेष काही दिसत नाही. १९४१ साली एक नामवंत अमेरिकन लेखक जलप्रवासात आजारी पडून पनामात पोटातल्या संसर्गाने दगावला; दात कोरण्याची काडी आतड्यात रुतली होती हे शवविच्छेदनात कळले.

याचा अर्थ डॉक्टरांना प्रश्न विचारूच नयेत असा होत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पोट हाताने तपासले का, दुखणे थांबले नाही तर केव्हा परत यायचे हे सांगितले का, आणि चौथ्या दिवशी ताप आल्याचे त्यांना कळवले असेल तर पुन्हा तपासायला बोलावले का, हे तीन प्रश्न मला रास्त वाटतात. ताप आल्यावरही फोनवरच औषध बदलून दिले असेल तर भावाच्या तक्रारीत तथ्य आहे. ताप आल्याचे तुम्हीच कळवले नसेल तर चित्र वेगळे होते. मात्र तक्रार करा किंवा करू नका, गोळ्या कशा ठेवल्या जात होत्या हे वगळून घटनाक्रम लिहून देऊ नका. ते निवेदन अपुरे असेल, त्यावर सही तुमची असेल आणि एका माणसाच्या व्यवसायावर त्याचा परिणाम होणार असेल. आज जे केवळ न बोललेले आहे ते त्या कागदावर खोटे होऊन बसेल, आणि मग मागे येणे फार कठीण जाईल.

सर्जननंतर मी तुमच्या जागी असते तर बाबांना सांगितले असते, भावाच्याही आधी. त्यासाठी मोठी प्रस्तावना लागत नाही. ‘बाबा, तुमच्या पोटात जे सापडले ते मी कापून ठेवलेल्या गोळीचे वेष्टन होते. दमट होऊ नयेत म्हणून मी तशा ठेवत होते. यात तुमची काहीच चूक नव्हती, आणि हे मी त्याच दिवशी सांगायला हवे होते,’ एवढे पुरे. त्या वेळी रडू आले तर येऊ द्या, पण त्यांनी तुमचे सांत्वन करावे अशी अपेक्षा धरू नका. त्या संभाषणात त्यांना त्यांचा मान परत मिळणे अधिक महत्त्वाचे आहे. आईला त्यांच्या देखतच सांगा. भावाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच आणि पूर्ण सांगा, सर्जनशी बोलून आल्यावर सांगा, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही त्याच बैठकीत सांगा. तो रागावेल, कदाचित काही दिवस बोलणारही नाही. पण ‘जन्मभर’ हा तुमचा अंदाज आहे, आणि तो अंदाज तुम्ही भीतीच्या भरात बांधला आहे. तक्रार नोंदवून झाल्यावर हीच गोष्ट त्याला दुसऱ्याकडून कळली, तर त्याच्या रागाला अधिक आधार मिळेल.

गोळ्यांची नवी पद्धत ठरवताना औषधविक्रेत्याला यादी दाखवून कोणत्या गोळ्या वेष्टनाबाहेर काढून आठवडाभर डबीत ठेवता येतात आणि कोणत्या येत नाहीत हे विचारून घ्या. पहिल्या प्रकारच्या गोळ्या पूर्ण सुट्या काढून ठेवाव्यात. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांची पट्टी अखंड ठेवावी आणि घेण्याच्या वेळी घरातल्या कोणीतरी ती दाबून गोळी वाटीत काढून द्यावी. तळहातावर किंवा वाटीत येते ते फक्त गिळण्याचेच असेल, एवढा एक नियम पाळला तर बाकीचे सांभाळले जाते. घरात लहान मुले येत असतील तर सुट्या गोळ्यांची डबी त्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. बाबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारा. स्टोमा लहान आतड्याचा असेल तर दीर्घकाळ सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आणि आतड्यातच विरघळाव्यात असे आवरण असलेल्या गोळ्या पुरत्या शोषल्या न जाता पिशवीत जशाच्या तशा पडू शकतात. पिशवीत गोळी दिसली तर ती कोणती ते ओळखून डॉक्टरांना कळवा. ते औषधाचा प्रकार बदलू शकतात. पिशवी नेहमीपेक्षा फार पातळ आणि वारंवार भरत असेल, लघवी कमी होत असेल, चक्कर येत असेल तर शरीरातले पाणी आणि क्षार कमी होत आहेत असे समजून त्याच दिवशी संपर्क साधा.

अशा अपघातांविषयी इतर वाचकांचीही पत्रे येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडे लिहिते. काहीही गिळले गेले असले तरी उलटी करवू नये, जुलाबाचे औषध देऊ नये, आणि वस्तू पुढे ढकलली जावी म्हणून भरपूर खाऊ घालू नये. भरलेल्या पोटी दुर्बिणीची तपासणी आणि भूल दोन्ही अवघड होतात. नाण्यासारखी बोथट, लहान वस्तू जठरात उतरली आहे हे एक्स-रेवर दिसले आणि त्रास काहीच नसेल, तर डॉक्टर सहसा नेहमीचे जेवण चालू ठेवून वाट पाहायला सांगतात. ती बहुधा चार-सहा दिवसांत बाहेर पडते, क्वचित तीन-चार आठवडेही लागतात. टोकदार वस्तूला ही सवलत नसते. ती जठरात आहे तोवर दुर्बिणीने काढता येते, म्हणून तिथे तासांचाही हिशेब असतो. ती पुढे गेली आणि दिसणारी असेल तर रोज एक्स-रे काढून तिची वाटचाल पाहतात, आणि सुमारे तीन दिवस ती एकाच जागी राहिली तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

दोन वस्तूंच्या बाबतीत वाट पाहणे धोक्याचे आहे, आणि दोन्ही मुलांच्या हाती सहज लागतात. बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही खोल भाजू शकतो, कारण ओलसर भिंतीला टेकताच त्यातून वीज वाहू लागते आणि तिथे तीव्र अल्कली तयार होते. उपकरण चालवण्यापुरती ताकद उरली नसलेला सेलही हे करू शकतो. लहान पण शक्तिशाली लोहचुंबकांचे प्रकरण आतड्याशी थेट निगडित आहे. एकच चुंबक गिळले असेल तर ते बहुधा निघून जाते. दोन किंवा अधिक गिळले गेले, किंवा एका चुंबकासोबत लोखंडाचा तुकडा गेला, तर आतड्याच्या शेजारशेजारच्या वेढ्यांतून ते एकमेकांना ओढतात, मधल्या भिंती चिमटल्या जातात, त्यांचा रक्तपुरवठा थांबतो आणि तिथे छिद्र पडते. एक्स-रेवर चिकटलेली दोन चुंबके एकच दिसू शकतात, त्यामुळे किती गिळली याची खात्री नसेल तर अधिक गिळली असे धरूनच चालावे. मुलाला सुरुवातीला काहीच होत नाही आणि ते खेळतही असते, हे पाहून घरी थांबू नये. पाण्यात फुगणारे शोभेचे मणीही आतड्यात फुगून वाट बंद करतात आणि एक्स-रेवर दिसत नाहीत, म्हणून ते गिळल्याचे डॉक्टरांना तोंडाने सांगणेच महत्त्वाचे ठरते.

वाट पाहण्याच्या काळात पोटात वाढत जाणारी किंवा एका जागी स्थिरावलेली वेदना, ताप, हिरवी उलटी, काळा किंवा रक्तमिश्रित शौच, फुगलेले किंवा हात लावू न देणारे पोट, वायू सरणे बंद होणे यांपैकी एक जरी दिसले तरी सरळ रुग्णालय गाठावे. जाताना तशीच दुसरी वस्तू घरात असेल तर सोबत न्यावी, म्हणजे तिचे माप, तिच्या कडा आणि ती एक्स-रेवर दिसेल की नाही हे डॉक्टरांना लगेच समजते. घरातील कोणी जाणूनबुजून किंवा पुन्हापुन्हा अशा वस्तू गिळत असेल तर त्याला रागावून किंवा कपाटांना कुलपे घालून ते थांबत नाही. त्या माणसाला सर्जनबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांकडेही नेणे आवश्यक आहे, आणि ती भेट शस्त्रक्रियेतून बरे होण्याची वाट न पाहता त्याच रुग्णालयात, त्याच मुक्कामात घडवून आणावी.